जमीन आणि कामगार कायद्याची वकिली : नाशिकच्या संदर्भात

नाशिकच्या न्यायालयांत वकिली करणाऱ्यांत एक वर्ग असा आहे, की ज्यांच्या कपाटात एका बाजूस सातबारा उतारे, फेरफार नोंदी व खरेदीखते असतात आणि दुसऱ्या बाजूस नियुक्तिपत्रे, आरोपपत्रे व वेतन करार. वरकरणी हे दोन विषय परस्परांपासून फार दूरचे वाटतात. एकाचा संबंध महसूल खात्याशी व दिवाणी न्यायालयाशी, दुसऱ्याचा कामगार न्यायालयाशी. मोठ्या महानगरांत हे दोन विषय वेगवेगळ्या वकिलांकडे असतात. नाशिकमध्ये मात्र ते अनेकदा एकाच घरातून येतात, आणि त्याचे कारण या शहराच्या वाढीत आहे.

महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम १९६१ मध्ये झाला आणि १ ऑगस्ट १९६२ रोजी महामंडळाची स्थापना झाली. त्यानंतरच्या काळात सातपूर व पुढे अंबड येथील शेतजमिनी संपादित होऊन तेथे कारखाने उभे राहिले. त्या कारखान्यांतील कामगारांना घरे हवीत म्हणून अंबडच्या लगत सिडकोने नवीन नाशिक वसविले. उद्योग पुढे सिन्नर, गोंदे, दिंडोरी या दिशांनी पसरले. त्यामुळे एकाच कुटुंबातील आजोबांचा दावा संपादित जमिनीच्या वाढीव मोबदल्याचा, मुलाचा दावा कारखान्यातील बडतर्फीचा आणि नातवाची तक्रार सदनिकेचा ताबा न मिळाल्याची, असा क्रम येथे नवलाचा नाही. तिन्ही कामे एकाच वकिलाकडे येतात, कारण घराचा वकील ठरलेला असतो.

जमिनीची बाजू

जमिनीच्या वादात वकिलाची पहिली कसोटी युक्तिवादात नसते, ती कागद वाचण्यात असते. पक्षकार बहुधा चालू सातबारा घेऊन येतो आणि ‘उताऱ्यावर माझे नाव आहे’ असे सांगतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ नुसार हक्कनोंदणीतील नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी मानली जाते. परंतु फेरफार नोंदीने मालकी निर्माण होत नाही अथवा संपुष्टातही येत नाही, ती नोंद मुख्यतः महसूल वसुलीसाठी असते, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार स्पष्ट केले आहे. म्हणून जाणता वकील एका उताऱ्यावर थांबत नाही. तो जुने हस्तलिखित सातबारे, गाव नमुना ६ मधील फेरफार, ८अ, दुय्यम निबंधक कार्यालयातील सूची क्रमांक दोन आणि भूमी अभिलेख कार्यालयातील मोजणी नकाशा मागवितो. व्यवहारापूर्वीचा शोध साधारण मागील तीस वर्षांचा घेण्याची रूढी आहे, परंतु कुळाच्या अथवा आदिवासी खातेदाराच्या जमिनीत तीस वर्षे पुरत नाहीत. तेथे १९५७ पर्यंत मागे जावे लागते.

ही तारीख जमिनीच्या वकिलास तोंडपाठ असावी लागते. कूळकायद्यानुसार १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ होय. त्या दिवशी प्रत्यक्ष कसणारे कूळ, कायद्यातील अटींच्या अधीन राहून, जमिनीचे खरेदीदार मानले गेले. किंमत शेतजमीन न्यायाधिकरणाने ठरवावयाची आणि ती भरल्यावर कलम ३२म चे प्रमाणपत्र द्यावयाचे. या मार्गाने मिळालेली जमीन विकण्यावर कलम ४३ चे बंधन आहे. २०१४ च्या दुरुस्तीनंतर, प्रमाणपत्रास दहा वर्षे झाली असल्यास जमीन महसूल आकारणीच्या ४० पट नजराणा भरून पूर्वपरवानगीशिवाय विक्री करण्याची मुभा मिळाली. ‘इतर हक्क’ या रकान्यातील एका ओळीकडे दुर्लक्ष करून झालेली खरेदी पुढे रद्द ठरण्याची भीती असते, आणि खरेदीदाराच्या हाती पैसे परत मागण्याचा दुसरा दावा तेवढा उरतो. कूळ असल्याचा वाद दिवाणी न्यायालयास ठरविता येत नाही. तो मुद्दा उपस्थित झाल्यास तहसीलदाराकडे निर्णयासाठी पाठवावा लागतो. ज्या वकिलास हे ठाऊक नाही त्याचा पक्षकार दहा वर्षे चुकीच्या दालनात बसून राहू शकतो.

नाशिक जिल्ह्याचे आणखी एक वैशिष्ट्य विसरून चालत नाही. सुरगाणा, पेठ, कळवण, दिंडोरी, त्र्यंबकेश्वर, बागलाण या तालुक्यांत आदिवासी खातेदारांची संख्या मोठी आहे. संहितेच्या कलम ३६अ नुसार आदिवासी व्यक्तीची जमीन बिगरआदिवासीकडे हस्तांतरित करण्यास जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आवश्यक असून विक्रीसाठी शासनाची पूर्वमान्यताही लागते. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगरआदिवासींकडे गेलेल्या जमिनी मूळ मालकास परत करण्यासाठी राज्याने स्वतंत्र कायदा केला आणि लिंगप्पा पोचन्ना अप्पेलवार यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये तो वैध ठरविला. वनजमिनीचा प्रश्न यापासून वेगळा. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील दाव्यांची रखडलेली प्रकरणे ही मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत पायी गेलेल्या शेतकऱ्यांच्या मोर्चाची एक मुख्य मागणी होती. या कामात शुल्क फारसे नसते, पण दाव्याच्या नकाशातील एका गटक्रमांकावर एका कुटुंबाचे पोट अवलंबून असते.

वारसांचे वाद ही या वकिलीची रोजची भाकरी. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून अविवाहित कन्येस एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतः हक्क दिला होता. केंद्राने ९ सप्टेंबर २००५ पासून हा हक्क सर्व कन्यांना दिला आणि विनीता शर्मा प्रकरणात ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने, वडील त्या दिवशी हयात होते की नाही यावर हा हक्क अवलंबून नाही, असा निर्णय दिला. या निर्णयानंतर जुन्या हक्कसोडपत्रांकडे नव्याने पाहिले जाऊ लागले. शहरालगतच्या गावांत जमिनीचे भाव वाढले, तसे बहिणींच्या सह्या मिळविण्याची घाईही वाढली. सही घेणाऱ्या भावाचा आणि सही करणाऱ्या बहिणीचा वकील एकच असू नये, ही साधी गोष्ट व्यवहारात फारशी पाळली जात नाही.

भूसंपादनाच्या कामात तारखेचे महत्त्व विशेष. निवाड्याची रक्कम निषेध नोंदवून स्वीकारली नाही, किंवा वाढीव मोबदल्यासाठीचा अर्ज मुदतीत दिला नाही, तर पुढचा रस्ता बंद होतो. निवाडा जाहीर होताना हितसंबंधी व्यक्ती हजर असल्यास ही मुदत अवघी सहा आठवड्यांची आहे. ७०१ किलोमीटरच्या नागपूर–मुंबई समृद्धी महामार्गासाठी इगतपुरी व सिन्नर तालुक्यांतील जमिनी मोठ्या प्रमाणावर थेट खरेदीने घेतल्या गेल्या. या महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. थेट खरेदीत भाव चांगला मिळतो, पण संमतीने खरेदीखत केल्यावर वाढीव मोबदल्याची वाट सहसा उरत नाही. म्हणूनच सही करण्याच्या आधीचा सल्ला हा नंतरच्या खटल्यापेक्षा मोलाचा ठरतो. त्या सल्ल्याला मात्र पैसे देण्याची आपल्याकडे सवय नाही.

सदनिका आणि ताबा

सदनिकांच्या व्यवहारास १९६३ चा मालकी हक्काच्या सदनिकांबाबतचा कायदा, ज्यास सर्वजण ‘मोफा’ म्हणतात, आणि २०१६ चा स्थावर संपदा कायदा असे दोन आधार आहेत. दुसरा कायदा १ मे २०१७ पासून पूर्णतः अमलात आला व त्याखालील प्राधिकरण ‘महारेरा’ या नावाने ओळखले जाते. ५०० चौरस मीटरपेक्षा अधिक जागेवरील अथवा आठपेक्षा अधिक सदनिकांच्या प्रकल्पाची नोंदणी बंधनकारक आहे. नोंदणीकृत करारनामा करण्यापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, आणि ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते. ताबा लांबल्यास ग्राहकास व्याजासह रक्कम परत मागता येते किंवा प्रकल्पात राहून विलंबाचे व्याज घेता येते.

प्रत्यक्षात आदेश मिळविणे हे अर्धेच काम होय. वसुलीसाठी प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते, रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करावयाची असते, आणि तहसील कार्यालयात या वसुलीचा पाठपुरावा करणारा कुणी नसल्यास आदेशाचा कागद फाइलमध्ये पडून राहतो. येथे महसूल कार्यालयांत वावरण्याची सवय असलेला वकील उपयोगी पडतो. बांधकाम व्यावसायिकास अपील करावयाचे असल्यास परताव्याच्या आदेशातील संपूर्ण रक्कम व्याजासह आधी भरावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये न्यूटेक प्रकरणात ही अट वैध ठरविली.

इमारत पूर्ण झाली, सोसायटी स्थापन झाली, तरी जमिनीचे अभिहस्तांतरण न करणारे विकासक पुष्कळ. त्यावर उपाय म्हणून ‘मानीव अभिहस्तांतरण’ ही तरतूद २००८ पासून अमलात आली. त्याचा अर्ज जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करावयाचा असतो. जमीन सोसायटीच्या नावावर झाली नाही, तर पुनर्विकासाच्या वेळी वाढीव चटई क्षेत्राचा लाभ कोणाचा, हा प्रश्न हमखास उभा राहतो.

कामगार न्यायालयात

जमिनीच्या वादात वेळ वर्षांत मोजतात, कामगाराच्या वादात ती पगाराच्या तारखांत मोजावी लागते. कामावरून काढलेला माणूस वकिलाकडे येतो तेव्हा त्याच्या घरचा किराणा उधारीवर आलेला असतो. म्हणून येथे मूळ दाव्याइतकाच अंतरिम आदेशाचा अर्ज महत्त्वाचा.

महाराष्ट्रात यासाठी एक स्वतंत्र कायदा आहे. कामगार संघटनांना मान्यता देणारा व अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणारा १९७१ चा हा अधिनियम ८ सप्टेंबर १९७५ पासून अमलात आला. या कायद्यानुसार कामगार, समेट अधिकारी आणि शासनाचा संदर्भ या लांबच्या वाटेने न जाता थेट न्यायालयात तक्रार दाखल करू शकतो. तक्रार घटनेपासून ९० दिवसांत करावी लागते. उशीर झाल्यास सबळ कारण द्यावे लागते. बडतर्फीची तक्रार कामगार न्यायालयात आणि इतर बहुतेक तक्रारी औद्योगिक न्यायालयात चालतात. ही दोन्ही न्यायालये नाशिकमध्ये आहेत. वर्षानुवर्षे ‘बदली’, ‘हंगामी’ अथवा ‘तात्पुरता’ ठेवून कायम कामगाराचे लाभ नाकारणे, पक्षपात करणे, झालेल्या कराराची अंमलबजावणी न करणे या सर्व गोष्टी अधिनियमाच्या चौथ्या अनुसूचीत अनुचित प्रथा म्हणून नोंदविलेल्या आहेत.

या मार्गावर कंत्राटी कामगारांपुढे एक मोठी अडचण आहे. २००१ साली सिप्ला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, मालक–कामगार हे नाते निर्विवाद नसेल तर या अधिनियमाखाली तक्रार चालू शकत नाही, असे ठरविले. त्याच वर्षी ३० ऑगस्ट रोजी पोलाद प्राधिकरणाच्या प्रकरणात, कंत्राटी पद्धत बंद झाली म्हणून कामगार आपोआप मूळ आस्थापनेचा होत नाही, असा घटनापीठाचा निर्णय आला. परिणाम असा, की एकाच यंत्रावर शेजारी उभ्या असलेल्या दोघांपैकी कायम कामगार ९० दिवसांत न्यायालयात जाऊ शकतो आणि कंत्राटी कामगारास आधी ‘मी कोणाचा कामगार’ हे सिद्ध करण्यासाठी वेगळी वाट धरावी लागते. कंत्राट हा केवळ देखावा आहे हे सिद्ध करण्यासाठी हजेरीपत्रक, प्रवेशपत्र, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक, रजेच्या अर्जावर सही कोणाची, असे बारीक पुरावे गोळा करावे लागतात. हे पुरावे कामगार कामावर असतानाच जमा करू शकतो, दारावर अडविल्यानंतर नव्हे.

‘कामगार कोण’ हाही वादाचाच विषय. नियुक्तिपत्रावर ‘अधिकारी’ वा ‘पर्यवेक्षक’ असे लिहिले म्हणून कुणी कामगार राहत नाही असे नाही. न्यायालय प्रत्यक्ष कामाचे स्वरूप पाहते. बडतर्फीपूर्वी झालेल्या खातेनिहाय चौकशीची छाननी स्वतंत्रपणे होते. चौकशी नैसर्गिक न्यायास धरून नव्हती असे ठरले, तरी कामगाराने लगेच जिंकले असे होत नाही, मालकास न्यायालयापुढे आरोप सिद्ध करण्याची संधी मिळू शकते. मागील पगाराबाबत दीपाली गुंडू सुरवसे या महाराष्ट्रातील शिक्षिकेच्या प्रकरणाचा २०१३ चा निर्णय आजही पदोपदी आधारास घेतला जातो. बेकायदा काढलेल्या कर्मचाऱ्यास पूर्ण मागील पगार हा सामान्य नियम होय आणि त्या काळात तो अन्यत्र तेवढाच पगार मिळवीत होता हे दाखविण्याची जबाबदारी मालकावर येते, असा त्याचा आशय आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्राने चार कामगार संहिता लागू केल्या. त्यांपैकी औद्योगिक संबंध संहितेने १९२६ चा कामगार संघटना कायदा, १९४६ चा स्थायी आदेशांचा कायदा व १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा यांची जागा घेतली. कामगार कपात वा कारखाना बंद करण्यासाठी शासनाच्या पूर्वपरवानगीची अट पूर्वी १०० कामगारांच्या कारखान्यांस होती, ती संहितेत ३०० वर नेण्यात आली. बडतर्फ कामगारास थेट अर्ज करण्याची मुदत तीन वर्षांवरून दोन वर्षे झाली. मुदतीच्या नेमणुकीवरील कर्मचाऱ्यास एक वर्षाच्या सेवेनंतर उपदान मिळण्याची तरतूद मात्र कामगारांच्या बाजूची आहे. राज्याच्या १९७१ च्या अधिनियमाचे नाव या संहितेने रद्द केलेल्या कायद्यांच्या यादीत नाही. त्याचा व संहितेचा मेळ कसा घालावयाचा, हा प्रश्न या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या वकिलांस अनेक वर्षे काम पुरवील. संहितेपूर्वीच्या घटनांसाठी जुन्या कायद्यांची पुस्तकेही कपाटात ठेवावीच लागणार आहेत.

कामगार न्यायालयाची एक रीत बाहेरच्यांस चमत्कारिक वाटते. औद्योगिक विवाद कायद्याखालील प्रकरणात दुसऱ्या पक्षाची संमती व न्यायालयाची अनुमती असल्याखेरीज वकिलास उभे राहता येत नसे. संघटनेचा पदाधिकारी मात्र हक्काने उभा राहत असे. त्यामुळे सनद नसलेले पण तरतुदी मुखोद्गत असलेले कार्यकर्ते आणि काळ्या कोटातील वकील समोरासमोर येत. नव्या वकिलाने या कार्यकर्त्यांकडून शिकण्यात कमीपणा मानू नये. वेतन कराराची मसुदावाचणी त्यांच्याइतकी बारकाईने क्वचितच कुणी करतो.

कामगार कायदा कारखान्यापुरता मर्यादित नाही, हेही येथे नोंदविले पाहिजे. बाजार समित्यांतील हमाल व मापारी १९६९ च्या माथाडी कायद्याच्या कक्षेत येतात, आणि हमाली–तोलाईच्या कपातीच्या व लेव्हीच्या वादावरून एप्रिल २०२४ मध्ये नाशिक जिल्ह्यातील बाजार समित्यांतील कांद्याचे लिलाव काही दिवस बंद राहिले होते. दहा वा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणे २०१३ पासून बंधनकारक आहे. त्या समितीवरील बाहेरची सदस्य म्हणून महिला वकिलांस काम मिळते.

बंद कारखान्याची जागा

दोन्ही विषयांचे ज्ञान एकाच माणसास का हवे, याचे खरे उत्तर कारखाना बंद पडतो तेव्हा मिळते. यंत्रे जुनी झालेली, कच्चा माल संपलेला, बँकेचे कर्ज थकलेले. किंमत उरते ती जागेची. कामगारांची देणी द्यावयाची तर त्या जागेतूनच. आता जागा कोणाची, हे पाहणे आले. औद्योगिक विकास महामंडळाचा भूखंड असेल तर तो बहुधा ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याचा, म्हणजे कारखानदार मालक नव्हे. हस्तांतरणास महामंडळाची संमती व शुल्क लागते. खासगी जमीन असेल तर बँकेचा गहाणखताचा बोजा सातबाऱ्यावर वा मिळकत पत्रिकेवर चढलेला असतो. कामगारांच्या बाजूचा वकील हे उतारे काढून पाहत नाही तोवर त्याला आपण कशावर हक्क सांगत आहोत हेच ठाऊक नसते.

कायद्याने कामगारांस येथे काही आधार दिले आहेत. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेच्या कलम ५३ नुसार, परिसमापन सुरू होण्यापूर्वीच्या २४ महिन्यांची कामगारांची देणी तारणधारक धनकोंच्या बरोबरीने येतात. भविष्य निर्वाह निधी, निवृत्तिवेतन निधी व उपदान निधीतील रक्कम कंपनीच्या मत्तेत धरलीच जात नाही. पण या आधाराचा लाभ दावा मुदतीत व नमुन्यात सादर करणाऱ्यासच होतो. कारखाना बंद पडल्यावर अनेक कामगार गावी परततात, काही दुसऱ्या राज्यात जातात, आणि जाहीर सूचना वृत्तपत्रात येऊन जाते. शेकडो दावे भरून घेणे, प्रत्येकाची सेवेची तारीख व अखेरचे वेतन पडताळणे, हे काम कष्टाचे व कंटाळवाणे असते. युक्तिवादाची संधी त्यात जवळजवळ नाही. तरीही कामगारांच्या हाती काही पडते ते याच कामातून.

दुसरा आधार नगररचनेच्या नियमांत दडलेला आहे. २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत, औद्योगिक विभागातील बंद कारखान्याच्या जागेवर निवासी वा वाणिज्य वापर करावयाचा असल्यास, कामगारांची कायदेशीर देणी दिल्याचे अथवा त्याबाबत समाधानकारक तडजोड झाल्याचे कामगार आयुक्तांचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. हे प्रमाणपत्र म्हणजे कामगारांच्या हातातील शेवटची किल्ली होय. इमारतीचा नकाशा मंजूर होण्यापूर्वी हरकत नोंदविली तर विकासक स्वतः चर्चेस येतो. इमारत उभी राहिल्यानंतर आलेल्या हरकतीस विचारतो कोण? शिवाय, त्या जागेवर सदनिका घेणाऱ्याचा वकील हे प्रमाणपत्र तपासत नसेल, तर त्याचा शीर्षक शोध अपुरा राहिला असे म्हणावे लागेल. एकाची थकलेली देणी दुसऱ्याच्या घराच्या कागदांत अशी येऊन बसतात.

जमीन व मजुरी हे दोन प्रश्न एकाच वकिलाने हाताळण्याची परंपरा महाराष्ट्रास नवी नाही. १९२३ पासून मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये महार वतनांच्या सुधारणेचे आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १९३८ च्या औद्योगिक तंटे विधेयकास त्यांनी कडाडून विरोध केला व त्याविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत एक दिवसाचा संप झाला. पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे होते. ज्या नाशिकमध्ये २ मार्च १९३० रोजी त्यांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेथील तरुण वकिलांनी त्यांच्या कार्याची ही बाजूही अभ्यासावी.

शिक्षण आणि उमेदवारी

बारावीनंतर पाच वर्षांचा वा पदवीनंतर तीन वर्षांचा विधी अभ्यासक्रम असे दोन मार्ग असून दोन्हींसाठी राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. नाशिकमध्ये गोखले एज्युकेशन सोसायटीचे एन. बी. ठाकूर विधी महाविद्यालय व मराठा विद्या प्रसारक समाजाचे विधी महाविद्यालय ही दोन नावे प्रमुख. पदवीनंतर महाराष्ट्र व गोवा वकील परिषदेकडे नोंदणी व अखिल भारतीय वकील परीक्षा. न्यायाधीश होऊ इच्छिणाऱ्यांनी २० मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाची नोंद घ्यावी. कनिष्ठ स्तर न्यायाधीशपदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू झाली आहे.

खरे शिक्षण ज्येष्ठांच्या कार्यालयात होते आणि ते बहुतांशी बिनपगारी असते. ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतीय वकील परिषदेने कनिष्ठ वकिलांना शहरी भागात दरमहा २० हजार व ग्रामीण भागात १५ हजार रुपये विद्यावेतन द्यावे, अशी शिफारस केली. ती शिफारस आहे, सक्ती नाही. पहिली तीन-चार वर्षे घरच्या आधाराशिवाय काढणे कठीण, म्हणून पहिल्या पिढीचे अनेक हुशार वकील कंपनीच्या मनुष्यबळ विभागात नोकरी धरतात. येथे एक नियम आडवा येतो. पूर्णवेळ पगारी नोकर असलेल्यास वकिली करता येत नाही, सनद स्थगित ठेवावी लागते. नोकरदारांचे हक्क मांडणारा वकील स्वतः कुणाचा नोकर असू शकत नाही, हा या पेशाचा एक विनोदच म्हणावयाचा.

उमेदवारीच्या काळात तलाठी (२०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी), मंडल अधिकारी, तहसीलदार, प्रांत यांच्या कार्यालयांत स्वतः जाऊन नकला काढाव्यात. मोडी लिपी वाचता येणाऱ्यास जुन्या दस्तांच्या कामात निश्चितच फायदा होतो. कोल्हापूरला ऑगस्ट २०२५ मध्ये उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ (सर्किट बेंच) सुरू झाले असले तरी नाशिक मुंबईच्या मुख्य पीठाकडेच आहे. त्यामुळे रिट याचिका व अपिलांसाठी पहाटेच्या गाडीने मुंबई गाठणे चुकत नाही.

सनदेची बंधने

या दोन क्षेत्रांत प्रलोभने फार आहेत. जमिनीचा पक्षकार रोख रकमेऐवजी ‘निकाल लागला की दोन गुंठे तुमचे’ असे सांगतो, कामगार संघटना मिळणाऱ्या फरकातील टक्केवारी देऊ करते. दोन्ही गोष्टी वकील परिषदेच्या नियमांनुसार निषिद्ध आहेत. निकालावर अवलंबून शुल्क ठरविता येत नाही, फलातील वाटा घेता येत नाही, आणि ज्या दाव्यात आपण वकील होतो त्यातील मिळकतीच्या लिलावात बोलीही लावता येत नाही. एकदा एका पक्षास सल्ला दिल्यावर त्याच प्रकरणात विरुद्ध पक्षाकडून उभे राहता येत नाही. नाशिकसारख्या, जेथे कारखानदार, विकासक, संघटनेचे पुढारी व जमीनमालक एकमेकांना ओळखतात त्या शहरात, शेवटचा नियम पाळणे सर्वांत अवघड जाते, आणि वकिलाचे नाव होते वा जाते ते त्यावरूनच.

ज्यांना शुल्क परवडत नाही त्यांच्यासाठी १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार मोफत वकिलाची सोय आहे. महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना त्यासाठी उत्पन्नाचा दाखला द्यावा लागत नाही. अर्ज जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात करावयाचा असतो. बडतर्फीचे पत्र, निवाड्याची प्रत किंवा करारनामा, जे काही हाती असेल ते, पाकिटासह बरोबर न्यावे. पाकिटावरील टपाल खात्याच्या शिक्क्यावरून मुदत मोजता येते.